आळीपाळीचं राज्य

बोलिव्हियाचं सरकार ज्या शहरात बसतं ते शहर एका खोल खळग्यात आहे, आणि सरकारं खाली खेचणारी माणसं त्या खळग्याच्या काठावर राहतात. खालचं ला पाझ सुमारे ३६०० मीटर उंचीवर, काठावरचं एल आल्तो ४१०० मीटरांच्या आसपास. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई रचली तरी ला पाझच्या बाजारपेठेपर्यंत पोचणार नाही. काठापलीकडे पसरतं ते आल्तिप्लानो: अँडीजच्या दोन रांगांमधलं, पेरूपासून बोलिव्हियामार्गे चिली-अर्जेंटिनाच्या सीमेपर्यंत गेलेलं, तिबेटखालोखाल जगातलं सर्वांत मोठं उंच पठार. ला पाझच्या बाजूला वस्ती मुख्यतः आयमारा लोकांची. दक्षिणेकडे केचुआ वाढत जातात, आणि खाऱ्या जमिनीच्या कडेला मूठभर उरू तग धरून आहेत. मला इथे यायचं होतं ते एका प्रश्नासाठी. ज्या लोकांनी आपापल्या गावाचा कारभार पिढ्यानपिढ्या आळीपाळीनं सांभाळला, त्यांच्या हाती अख्खा देश आला तेव्हा त्यांनी काय केलं, आणि देशानं त्यांचं काय केलं?

ला पाझहून एल आल्तोला जायला आता केबलकार आहे. पहिला, लाल मार्ग ३० मे २०१४ रोजी सुरू झाला. आज दहा मार्ग मिळून तीस किलोमीटरांहून जास्त लांबीचं जाळं झालंय. कामावर निघालेली माणसं, गणवेशातली मुलं, पाठीवर रंगीत पट्ट्यांच्या आग्वायोत, म्हणजे विणलेल्या फडक्यात, बोचकी नाहीतर बाळं बांधलेल्या बायका त्यातूनच ये-जा करतात. स्थानकांची नावं स्पॅनिश आणि आयमारा दोन्ही भाषांत आहेत. पाळणा वर चढत जातो तसतशी खाली गिलावा न केलेल्या विटांच्या घरांची उतरंड दिसते, आणि एका बाजूला इलिमानीचं ६४३८ मीटरांचं बर्फाच्छादित शिखर. काठावर पोचलं की जमीन एकदम सपाट होते. श्वास मात्र चार पावलांत संपतो.

एल आल्तो १९८५ साली ला पाझपासून वेगळं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं एका हुकुमानं अर्थव्यवस्थेची दिशाच बदलली आणि सरकारी कथील खाणींमधल्या वीस हजारांहून जास्त कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातले कितीतरी इथे येऊन राहिले. दुष्काळानं हटवलेले शेतकरीही आले. खाणवाल्यांनी सोबत संघटनेची शिस्त आणली, शेतकऱ्यांनी गावसभेची सवय. आज नऊ लाखांच्या आसपास पोचलेल्या या शहरात नळ, गटार, शाळा यांतलं बरंचसं वस्तीसमित्यांनी झगडून मिळवलेलं आहे. प्रत्येक वस्तीची समिती, समित्यांचा महासंघ, आणि मोर्चाला गैरहजर राहिलात तर दंड. हा दंड मला सुरुवातीला खटकला. माझी यजमानीण, एक निवृत्त शिक्षिका, शांतपणे म्हणाली की पाण्याचा नळ सगळ्यांच्या घरी आला, मग त्यासाठी पाय फक्त काहींनीच का झिजवायचे? तिच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर कापडाची बाहुली लटकत होती, चोरांना इशारा म्हणून. अशा बाहुल्या एल आल्तोत जागोजागी दिसतात. समाज जवळ असला की त्याचा धाकही जवळच असतो.

काठावरून खळग्याची नाकेबंदी करण्याची रीत जुनी आहे. १७८१ मध्ये तुपाक कातारी आणि त्याची बायको बार्तोलिना सिसा यांनी हजारो आयमारांना घेऊन स्पॅनिश ला पाझला महिनोन्‌महिने वेढा घातला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कातारीला घोड्यांना बांधून चिरफाळलं गेलं. पुढच्या वर्षी सिसाला मारलं. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून परदेशी विकण्याच्या बेताविरुद्ध एल आल्तो उठलं, रस्ते अडवले गेले, सैन्याच्या गोळीबारात साठहून जास्त माणसं मेली, आणि १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा देश सोडून गेले. याच राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या कारकिर्दीत, १९९४ साली, लोकसहभागाचा कायदा झाला होता. त्यानं ३०० हून अधिक नगरपालिका उभ्या केल्या आणि राष्ट्रीय करांतला २० टक्के वाटा थेट त्यांच्याकडे वळवला. खेड्यातल्या आयमारा माणसाला सरकारी पैसा आणि सरकारी कागद पहिल्यांदा हाताळायला मिळाला तो या कायद्यामुळे. तिथे तयार झालेल्या पुढाऱ्यांची पिढीच पुढे ला पाझपर्यंत पोचली.

ला पाझच्या मुरियो चौकात कबुतरं आहेत, आइस्क्रीम आहे, आणि देशाचा इतिहास पाठ करायला पुरेल एवढ्या खुणा आहेत. इथल्याच एका दिव्याच्या खांबाला १९४६ च्या जुलैत जमावानं राष्ट्राध्यक्ष विल्यारोएल यांचा देह टांगला. संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ २०१४ मध्ये उलटं फिरवलं गेलं. दक्षिण गोलार्धात तबकडीवरची सावली उलटी फिरते म्हणून. जुन्या राजवाड्याच्या मागे २०१८ मध्ये पूर्ण झालेली २९ मजल्यांची नवी राष्ट्राध्यक्षीय इमारत उभी आहे, प्राचीन तिवानाकूच्या नक्षीनं सजवलेली. तिच्या उंचीपुढे चौक बुटका झालाय, आणि मला ती आवडली नाही. पण यजमानीणबाईंनी तिच्याकडे पाहत जे सांगितलं ते ऐकल्यावर माझी नावड मी जरा आवरती घेतली. त्यांच्या वडलांच्या तरुणपणी पोंचो घातलेल्या माणसाला या चौकातून चालू दिलं जात नसे.

ते बदललं १९५२ मध्ये. एप्रिलच्या क्रांतीनंतर जुलैत सार्वत्रिक मताधिकार आला; त्याआधी निरक्षरांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या आदिवासींना, आणि सगळ्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हतं. आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली तेच हे वर्ष. १९५३ च्या ऑगस्टमध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला आणि जमीनदारांच्या वाड्यातली वेठबिगारी संपली. मात्र क्रांतीच्या सरकारला आयमारा किंवा केचुआ असं कुणी नको होतं. त्याला हवे होते शेतकरी. गावाच्या जुन्या कारभाराच्या जागी शेतकरी संघटनेचा सरचिटणीस बसवला गेला. गंमत अशी की काही वर्षांत बऱ्याच गावांनी त्या सरचिटणिसालाच पोंचो चढवला आणि त्याचीही पाळी लावून दिली.

हा जुना कारभार म्हणजे आयलू: काही कुळं, त्यांची सामायिक आणि खासगी जमीन, आणि ती सांभाळण्याचे नियम. इंकांच्याही आधीपासून तो आहे. स्पेनच्या राजानं त्याच्याकडून कर आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी माणसं घेतली. स्वतंत्र बोलिव्हियानं १८७४ च्या कायद्यानं तो कागदोपत्री बरखास्तच केला, जेणेकरून जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकत घेता यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांतोस मार्का तुला यांच्यासारखी माणसं स्पॅनिश राजवटीतले जमिनीचे दस्तऐवज शोधत कचेऱ्या धुंडाळत फिरली, कारण प्रजासत्ताकापुढे उभं राहायला राजाचा शिक्का हाच एक पुरावा उरला होता. असा हा आयलू जगला.

तो बघायला मी तितिकाका तळ्याच्या काठच्या एका गावात गेले. जून म्हणजे इथला कडक हिवाळा. पहाटे गवतावर हिम साकळलेलं असतं आणि दुपारी ऊन भाजून काढतं. या दोन टोकांचा उपयोग करून इथे चून्यो बनतो. लहान बटाटे उघड्यावर पसरायचे, रात्री गोठू द्यायचे, सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, मग वाळवायचे. काळ्या खड्यांसारखे दिसणारे हे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. इंकांची कोठारं यांनी भरलेली असत. बटाटा मुळात याच तळ्याच्या परिसरातला. शेंगदाणा आणि मिरची यांचं मूळही बोलिव्हिया आणि आसपासच्या मुलखातच सापडतं, आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतलाच. आपल्या एकादशीच्या खिचडीत या खंडाशिवाय फारसं काही उरत नाही, हे मी तिथे एका आजींना सांगितलं. त्यांना ते अगदी स्वाभाविक वाटलं.

गावसभा शाळेच्या आवारात भरली. बाकांवर पुरुष, जमिनीवर घोंगड्या पसरून बायका. समोर त्या वर्षीचे कारभारी: पोंचो, लोकरी टोपी, गळ्यात कोकाच्या पानांसाठी विणलेली पिशवी आणि छातीवरून तिरपा बांधलेला वेणीदार चाबूक, ही अधिकाराची खूण. प्रत्येकाशेजारी त्याची बायको, तीही कारभारीणच. आयलूच्या मुखियाला हिलाकाता म्हणतात, त्याच्या वरच्याला माल्कू. माल्कूच्या जोडीदारणीला मामा ताल्या. एकटा पुरुष किंवा एकटी बाई हे पद घेऊ शकत नाही. जोडप्यानंच ते घ्यायचं असतं. त्यामुळे नवरा कुठे आहे हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला तो भोचकपणा नव्हता. माझी पाळी कशी येणार, याची त्यांना काळजी होती.

सभा आधी कोकाची पानं वाटून आणि पाचामामेसाठी, म्हणजे धरित्रीसाठी, जमिनीवर थोडी दारू शिंपडून सुरू झाली. मग विषय: पाटाची सफाई, शाळेचं छप्पर, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या वालात शिरल्या. एकेका विषयावर सगळे बोलले, काही जण दोनदा, काही उगाच. हात वर करून मोजणी झाली नाही. बोलून बोलून विरोध झिजला तेव्हा हिलाकातानं निर्णय उच्चारला आणि चिटणिसानं वहीत लिहिला. मेंढा-लेखाची ग्रामसभा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा संथपणा ओळखीचा वाटेल. नंतर बायकांनी आपापली फडकी सोडून मधोमध एक लांब रांग केली: उकडलेले बटाटे, चून्यो, वाल, चीज, तळ्यातले तळलेले बारीक मासे आणि वाटलेली तिखट चटणी. ज्यानं जे आणलं ते सगळ्यांचं. आप्तापी म्हणतात या जेवणाला.

पाळी येते ती जमिनीमागोमाग. गावात ज्याच्या नावे जमीन, त्याला आयुष्यात एकामागून एक पदं घ्यावीच लागतात. आधी लहान कामं, पिकांची राखण, शाळासमिती, उत्सवाचं यजमानपद, आणि या वाटेवर पुरेसं चालून झालं की एक वर्ष हिलाकाता. त्याला पगार नसतो, उलट पदरचा खर्च असतो. ते वर्षभर गाव सोडायचं नाही, प्रत्येक घरी जायचं, भांडणं मिटवायची, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायचे. गारपीट झाली तर जाबही त्यालाच विचारतात, कारण धरित्रीशी संबंध नीट राखणं हेही त्याच्याच कामात येतं. वर्ष संपलं की चाबूक दुसऱ्याच्या खांद्यावर. त्यामुळे गावातल्या कुठल्याही साठीच्या माणसाशी बोला, तो कधी ना कधी राज्य चालवून आलेला असतो. पाटाचं पाणी, नगरपालिकेचं अंदाजपत्रक, कायद्याची कलमं यांबद्दल ही माणसं ज्या सफाईनं बोलतात, ती एवढ्या सगळ्यांनी कारभार केल्याशिवाय येत नाही. मला या पठारावर सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल तर हेच.

आता राजवाड्याकडे. एवो मोरालेस यांचा जन्म १९५९ चा, ओरुरो प्रांतातल्या एका आयमारा वस्तीतला. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना ५३ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. संसदेत शपथ घेण्याच्या आदल्या दिवशी, २१ जानेवारी २००६ रोजी, ते तिवानाकूच्या प्राचीन दगडी प्रांगणात आयमारा पुरोहितांकडून अधिकारदंड स्वीकारायला उभे राहिले. पुढची काही वर्षं खरोखर मोठी होती. वायूवरचा सरकारचा वाटा वाढला, गरिबी उतरली. ७ फेब्रुवारी २००९ रोजी नवी राज्यघटना लागू झाली आणि प्रजासत्ताकाचं बहुराष्ट्रीय राज्य झालं. स्पॅनिशसोबत ३६ आदिवासी भाषा अधिकृत, चौकटी-चौकटींचा सप्तरंगी झेंडा विफाला ही राष्ट्रीय खूण, आणि आळस, खोटेपणा व चोरी यांना मनाई करणारी अँडीजची जुनी शिकवण थेट आठव्या कलमात. ग्रामन्यायाला सामान्य न्यायालयाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, जरी २०१० च्या कायद्यानं त्याच्या कक्षेतून बरंच काही काढून घेतलं.

त्याच घटनेनं राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ दिले होते. मोरालेस २००९ आणि २०१४ मध्येही दणदणीत जिंकले. आधीचा कार्यकाळ नव्या घटनेखाली मोजू नये असा निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता. २१ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांनी मर्यादा उठवण्यासाठी जनमत घेतलं आणि ५१ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. २०१७ च्या शेवटी घटनापीठानं मर्यादाच बाजूला सारली. २०१९ ची वादग्रस्त निवडणूक, रस्त्यावरचा उद्रेक, सैन्यप्रमुखांची सूचना, आणि १० नोव्हेंबरला राजीनामा. पाठोपाठ आलेल्या हंगामी सरकारच्या काळात विफाला जाळली गेली, पोलिसांनी ती गणवेशावरून कापून काढली, आणि एल आल्तोच्या सेंकाता भागात इंधनकेंद्राबाहेर दहा माणसं मारली गेली. मोरालेसविरुद्ध मत दिलेल्या कुटुंबांतूनही त्या दिवसांत माणसं विफालेसाठी बाहेर पडली, असं यजमानीणबाई सांगत होत्या. झेंडा एका माणसाचा नव्हता.

आपली पाळी संपली हे मोरालेस यांनी का मानलं नाही? राजकारणाच्या अभ्यासकांकडे याची बरीच उत्तरं आहेत. गावातल्या एका माजी हिलाकाताचं उत्तर मला जास्त पटलं. तो म्हणाला की गावात पद म्हणजे घरची शेळी विकून केलेली सेवा. ती संपण्याची वाट बघतात. राजवाड्यात उलट आहे, तिथे पद सोडलं की सगळंच जातं, स्वतःचं आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या हजारोंचं. आयलूची भाषा, दंड, पोंचो हे सगळं राज्यानं घेतलं. पद माणसाला महाग पडलं पाहिजे ही मूळ अट मात्र घेतली नाही. २०२० मध्ये मोरालेस यांचाच पक्ष लुईस आर्से यांच्या नेतृत्वाखाली परत आला, आणि पुढची वर्षं दोघांच्या भांडणात गेली. डॉलरची टंचाई झाली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत रोद्रिगो पाझ निवडून आले, तेही पठारावरच्या मतांच्या जोरावर. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी एकाला वर चढवलं त्यांनीच पान उलटलं.

जोडप्याच्या राज्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथे माझं कौतुक थबकतं. सभेत कारभारणी समोर बसल्या होत्या, पण बोलल्या फार थोड्या; सह्या पुरुषांच्या. आयमारा बायका स्वतः याबद्दल तिखट बोलतात. पठारावरच्याच आंकोराइमेस इथल्या नगरसेविका हुआना किस्पे यांना पद सोडण्यासाठी वर्षानुवर्षं छळलं गेलं, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांचा खून झाला. त्यानंतर दोन महिन्यांत राजकारणातल्या बायकांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. अशा कायद्याची मागणी बायका कितीतरी वर्षं करत होत्या. २०१४ च्या निवडणुकीनंतर कनिष्ठ सभागृहात अर्ध्याहून जास्त बायका होत्या. जगात फार थोड्या संसदांना हे जमलंय. गावच्या वहीत मात्र अजून ते उतरायचं आहे.

ओरुरोच्या पश्चिमेला, कोइपासाच्या मिठागरांजवळ, चिपाया आहे. उरू लोक पठारावरचे सर्वांत जुने रहिवासी मानले जातात, स्वतःला पाण्याची माणसं म्हणवतात, आणि आयमारांनीही त्यांना शतकानुशतकं खालचं मानलं. त्यांचे भाऊबंद पोओपो तळ्यावर मासे धरत. ते तळं २०१५ मध्ये आटलं. चिपायात दोन हजारांच्या आसपास माणसं, चार आयलू, आणि गवती छपरांची गोल मातीची घरं, आता बरीचशी रिकामी. जमीन इतकी खारट की लाउका नदीचं पाणी पाट काढून शेतावर सोडायचं, मीठ धुऊन काढायचं आणि मग किनोआ पेरायचा. पाट वाऱ्यानं आणि वाळूनं बुजतात, म्हणून ते काम दर वर्षी सगळ्यांनी मिळून करायचं आणि जमीनही पुन्हा वाटून घ्यायची. २००९ मध्ये त्यांनी स्वशासनाच्या बाजूनं कौल दिला. नियमावली लिहायला, मान्य करून घ्यायला, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला आठेक वर्षं गेली. २०१८ पासून इथे पक्षांची नगरपालिका नाही. आपल्या रीतीनं, आपल्या सभेत निवडलेलं सरकार आहे. सखल भागातल्या गुआरानींच्या चारागुआनं २०१७ मध्ये हे आधी केलं होतं, पठारावर पहिले चिपायाचे उरू. त्यांच्या सरकारपुढचे विषय तेच: नदी, मीठ, आणि चिलीत मजुरीला गेलेली तरुण मुलं.

परतताना ओरुरोहून एल आल्तोच्या गाडीत शेजारी बसलेली बाई कापडाचं दुकान चालवणारी होती. तिच्या माहेरच्या आयलूत जमीन तिच्या नावे आहे, नवरा साओ पाउलोत शिवणकाम करतो, आणि येत्या जानेवारीनंतरच्या जानेवारीत त्यांची पाळी. तिनं बोटांवर हिशेब सुरू केला: दोन बैल, उत्सवाचा बँड, पोंचो नवा की काकांचा, वर्षभर दुकान कोण बघणार. आमच्याकडे सरपंच पाच वर्षं असतो आणि त्याला मानधन मिळतं, हे ऐकून तिला पाच वर्षं खूपच वाटली. नवऱ्याला मालकानं वर्षभर सोडलं नाही तर त्याच्या भावाला उभं करता येईल, पण खर्च यांचाच, आणि सभेनं मान्य केलं तरच. ते विचारायला ती पुढच्या रविवारी गावी जाणार होती.